जुनी गाडी ‘पहिल्यासारखी’ करायची म्हणजे नेमकी कुठल्या सालची करायची? १२ फ्यूचरलायनर गाड्यांची गोष्ट

जानेवारी २००६. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं स्कॉट्सडेल शहर. इथे दर वर्षी ‘बॅरेट-जॅक्सन’ कंपनीचा जुन्या गाड्यांचा मोठा लिलाव होतो. फेरारी, कॅडिलॅक, शेव्हरोलेट अशा एकाहून एक देखण्या गाड्या इथे येतात. त्या वर्षी मात्र सगळ्यांच्या नजरा एका लालभडक, अवाढव्य बसवर खिळल्या होत्या.

बोली वाढत वाढत ४० लाख डॉलरवर जाऊन थांबली. तेव्हाच्या दराने साधारण १८ कोटी रुपये!

बरं, या बसचा वेग किती? ताशी जेमतेम ६५ किलोमीटर. प्रवासी किती बसतात? ड्रायव्हर धरून तीन. मग एवढे पैसे कशाचे?

त्याच सुमारास मिशिगन राज्यातल्या झीलंड या छोट्या गावात याच बसच्या सख्ख्या बहिणीचं काम पूर्ण होत आलं होतं. तिथे ना बोली होती ना कॅमेरे. बहुतेक निवृत्त झालेली काही मंडळी वर्षानुवर्षं तिचा गंज काढत होती, पत्रा बदलत होती, आणि तेही एक पैसा मोबदला न घेता.

या गाडीचं नाव ‘फ्यूचरलायनर’. जनरल मोटर्स, म्हणजे जीएमने १९४० साली अशा फक्त १२ गाड्या बनवल्या. लोकांना भविष्य दाखवायला बनवलेल्या या गाड्या आज इतिहास म्हणून जपल्या जातात. त्या जपताना जो एक प्रश्न उभा राहिला, तो तुमच्या-आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या आजोबांच्या स्कूटरलाही लागू आहे. पण त्याआधी या गाड्या मुळात बनल्याच कशाला, ते बघूया.

जत्रा चाकांवर कशी आली?

१९३३ मध्ये शिकागोत ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ नावाचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. जीएमने तिथे मोटारी जोडण्याचा चालता कारखानाच उभा केला होता. लोक तोबा गर्दी करत होते.

जीएमच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते चार्ल्स केटरिंग. आज आपण किल्ली फिरवून किंवा बटण दाबून गाडी सुरू करतो ना, त्या इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टरचं श्रेय यांच्याकडे जातं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो पहिल्यांदा बसवला गेला. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारावं लागायचं.

केटरिंग यांच्या डोक्यात आलं, की शिकागोला येणं सगळ्यांना थोडंच परवडतं? मग प्रदर्शनच लोकांच्या गावी नेलं तर?

त्यातून १९३६ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या लेकलंड गावातून ‘परेड ऑफ प्रोग्रेस’ सुरू झाली. ‘स्ट्रीमलायनर’ नावाच्या आठ मोठ्या गाड्या, सोबत ट्रक, तंबू आणि जीएमच्या नव्या मोटारी असा सगळा लवाजमा. गावाबाहेरच्या मैदानात मुक्काम पडायचा, तंबू ठोकले जायचे आणि विज्ञानाची जत्रा भरायची. तिकीट नाही. ही जत्रा अमेरिकेबाहेर कॅनडा, मेक्सिको आणि क्युबालाही जाऊन आली.

काळ महामंदीचा होता. लोकांच्या हाताला काम नव्हतं, मोठ्या कंपन्यांवरचा विश्वास उडाला होता. अशा वेळी ‘उद्याचा दिवस चांगला असणार आहे’ हे सांगायला एक मोटार कंपनी स्वतःहून दारात येत होती. यात लोकशिक्षण होतं, तशी चोख जाहिरातही होती. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बस नव्हे, चालता रंगमंच

पहिली फेरी गाजल्यावर जीएमने आणखी मोठा डाव टाकला. कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल यांच्या देखरेखीखाली १९४० साली १२ नव्या गाड्या तयार झाल्या. याच त्या फ्यूचरलायनर.

लांबी ३३ फूट, म्हणजे आपल्या एसटीच्या आसपास. रुंदी ८ फूट, उंची साडेअकरा फुटांच्या वर. वजन १४-१५ टन. पुढच्या बाजूलाही जोडचाकं, म्हणजे एकूण आठ टायर. मागे जोडचाकं आपण ट्रकला नेहमी बघतो, पण पुढे, जिथे स्टेअरिंगने चाक वळवायचं असतं तिथे, ती जवळपास कुठेच दिसत नाहीत.

ड्रायव्हर बसायचा गाडीच्या बरोबर मध्यभागी आणि पार वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसल्यासारखा. आतल्या जिन्याने चढून जायचं. त्याच्या मागे दोघांना बसायला जागा.

पण खरी गंमत बाजूला होती. गाडी मैदानात उभी केली की तिच्या कुशीतले १६ फूट लांबीचे दरवाजे वर-खाली शिंपल्यासारखे उघडायचे. वरचा दरवाजा छत व्हायचा, खालचा रंगमंच. छतातून दिव्यांचा खांब वर यायचा. वीज गाडीतल्याच जनरेटरची. पाहता पाहता मैदानात १२ रंगमंच तयार!

प्रत्येक गाडीच्या पोटात वेगळा विषय. एका गाडीत गावातल्या चौकाचं हलतं मॉडेल होतं. जुन्या काळचा चौक प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलत जाऊन आधुनिक होई. १९५० च्या दशकातल्या फेरीत एका गाडीत जेट विमानाचं इंजिन आतून कसं दिसतं ते दाखवलं होतं.

शेजारच्या मोठ्या तंबूत प्रयोग व्हायचे. त्यातला एक लोकांना फार आवडायचा. थंड शेगडी, तिच्यावर वर्तमानपत्र आणि त्यावर तवा. तव्यात अंडं शिजायचं, कागद मात्र जळायचा नाही. आज आपल्या ओट्यावर इंडक्शन शेगडी असते, तिचंच हे तत्त्व. पण त्या काळी खेडेगावातल्या माणसाला ही जादूच वाटली असणार.

हे सगळं करणारी मुलं विशी-पंचविशीतली, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. तीच गाडी चालवायची, तीच तंबू ठोकायची, आणि संध्याकाळी कपडे बदलून तीच मंचावर उभं राहून विज्ञान समजावून सांगायची. त्यांना ‘परेडर’ म्हणत.

देखणी काच आणि ड्रायव्हरचा घाम

आता त्या प्रश्नाकडे येऊ.

१९४० च्या मूळ फ्यूचरलायनरमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट होता, लढाऊ विमानाला असतो तसा. दिसायला अप्रतिम! गाडी खरोखर भविष्यातून आल्यासारखी वाटायची.

पण आत बसणाऱ्याचे हाल. भर उन्हात त्या घुमटाखाली ड्रायव्हर अक्षरशः उकडून निघायचा. बंद काचेच्या गाडीत मे महिन्यात बसून बघा, म्हणजे कल्पना येईल.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, अमेरिका युद्धात उतरली आणि परेड थांबली. गाड्या कोठारात गेल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या थेट १९५३ मध्ये.

तोपर्यंत जीएमने त्यांच्यात बरेच बदल केले होते. पारदर्शक घुमट काढून ड्रायव्हरच्या डोक्यावर साधं छप्पर आलं आणि त्याच्यासाठी एअर कंडिशनर बसला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन जाऊन सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आलं. गिअरबॉक्स बदलला. आतली प्रदर्शनंही नव्याने सजली.

म्हणजे एकाच गाडीची दोन रूपं झाली. एक १९४० चं, सुंदर पण ड्रायव्हरचा घाम काढणारं. दुसरं १९५३ चं, दिसायला जरा साधं पण अनुभवातून शहाणं झालेलं.

यातलं ‘खरं’ रूप कुठलं?

टीव्ही आला आणि बाजार उठला

१९५३ ची फेरीही चांगली चालली, पण काळ बदलला होता. घराघरांत टीव्ही येत होता. जी जादू बघायला लोक मैदानात जमायचे ती आता दिवाणखान्यात बसून दिसत होती. फ्यूचरलायनरमध्ये जीएम जी नवलं दाखवायची त्यात टीव्हीसुद्धा होता, हा योगायोग लक्षात घ्या! १९५६ मध्ये परेड कायमची बंद झाली.

आणि १२ गाड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मिशिगन राज्याच्या पोलिसांनी ‘सेफ्टीलायनर’ असं नाव देऊन वाहतूक सुरक्षेच्या प्रचारासाठी वापर केला. ओरल रॉबर्ट्स या नावाजलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांकडे एक गाडी गेली आणि ती त्यांच्या सभांचं फिरतं व्यासपीठ झाली. काही गाड्या हात बदलत गेल्या आणि शेवटी कुठेतरी उघड्यावर पाऊस-बर्फ खात उभ्या राहिल्या. बारापैकी नऊ आज शिल्लक असल्याचं मानलं जातं.

१९८० च्या दशकात शिकागोकडचे संग्राहक जो बोर्ट्झ यांनी यातल्या अनेक गाड्या शोधून विकत घेतल्या. तेव्हा जुन्या प्रदर्शनी गाड्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. त्यांच्याकडून एक गाडी, क्रमांक १०, इंडियाना राज्यातल्या ऑबर्न इथल्या मोटार आणि ट्रकच्या संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाली.

संग्रहालयाकडे गाडी आली, पण ती उभी करायला लागणारे पैसे कुठून आणायचे? इथे पुढे आले डॉन मेटन. जीएममधून निवृत्त झालेल्या मेटन यांनी स्वयंसेवक जमवले आणि गाडी मिशिगनमधल्या झीलंडला नेली. सुरुवातीला सांगितलेली ती मंडळी हीच.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे जुनी गाडी नीट केली की सरसकट ‘रिस्टोर केली’ म्हणतात. खरंतर यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, जतन. गाडी आहे तशी ठेवायची. उडालेला रंग, झिजलेलं सीट, जुने ओरखडे सगळं राहू द्यायचं. फक्त गंज पुढे वाढणार नाही, उंदीर वायर कुरतडणार नाहीत, एवढी काळजी घ्यायची.

दुसरी, पुनर्स्थापना, म्हणजेच रिस्टोरेशन. गाडी तिच्या आयुष्यातल्या एका ठरावीक काळात जशी होती तशी पुन्हा करायची. मोडलेलं जोडायचं, हरवलेलं बनवायचं, नंतर चिकटलेलं काढायचं.

तिसरी, ‘रेस्टोमॉड’. वरून जुनी, आतून नवी. जुन्या ॲम्बॅसेडरमध्ये नवं इंजिन, एसी आणि टचस्क्रीन घातला तर तो हा प्रकार. चालवायला मजा येते, पण तिला ऐतिहासिक गाडी म्हणणं अवघड.

तिन्हींत चूक काही नाही. गडबड होते ती एक करून दुसरं केल्याचं सांगितल्यावर.

यातला सगळ्यात कठीण पर्याय दुसरा. कारण ‘ठरावीक काळ’ कुठला ते कुणीतरी ठरवावं लागतं, आणि एक काळ निवडला की बाकीचे पुसले जातात. १९४० निवडलं तर १९५३ ची सगळी सुधारणा फेकून द्यावी लागेल. १९५३ निवडलं तर तो देखणा घुमट कधीच दिसणार नाही. आणि दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी त्यानंतरची वर्षं, पोलिसांची फेरी किंवा धर्मसभेचं व्यासपीठ, रंगाखाली गडप होणार.

१० क्रमांकाची गाडी १९५३ च्या रूपात परत आणली गेली. विचार केला तर हेच पटतं. जे इंजिन, जे छप्पर, जी यंत्रणा उरली होती ती १९५३ चीच होती. १९४० चं रूप द्यायचं तर मोठा भाग फोटो पाहून नव्याने बनवावा लागला असता. म्हणजे ‘मूळ’ गाडीच्या हट्टापायी उरलेली अस्सल गाडी कापून तिच्या जागी नवी प्रतिकृती उभी राहिली असती. शिवाय १९५३ चे बदल कुणा गॅरेजवाल्याने मनाला येईल तसे केले नव्हते. ते बनवणाऱ्या कंपनीनेच, त्याच कामासाठी, अनुभवावरून केले होते. तोही गाडीचा इतिहासच.

प्रत्यक्ष काम चालतं कसं?

आता तुम्ही म्हणाल, ठरलं साल, मग उतरा कामाला! पण पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावा लागतो.

अशा गाडीचे भाग बाजारात मिळत नाहीत. १२ च गाड्या बनल्या, तर सुटे भाग कोण बनवून ठेवणार? त्यामुळे जुने फोटो, चित्रफिती, माहितीपत्रकं हीच दुरुस्तीची पुस्तकं होतात. जुन्या परेडर मंडळींच्या आठवणीही कामी येतात. कुठला दिवा कुठे होता, अक्षरं केवढी होती, कुठला दरवाजा अडकायचा, हे गाडी चालवलेल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक?

मग गाडी उघडायची. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर चिठ्ठी. हे कंटाळवाणं वाटतं, पण तीन वर्षांनी डब्यात पडलेले दोनशे नटबोल्ट समोर आले की या चिठ्ठ्यांची किंमत कळते.

पुढचा शत्रू गंज. वरून बारीक फोड दिसतो आणि रंग खरवडला की हात आरपार जातो. आपल्याकडची सोपी पद्धत म्हणजे वर लांबी भरायची आणि रंग मारायचा. गाडी दोन वर्षं चकाचक दिसते, मग पुन्हा फुगते. नीट काम करायचं तर गंजलेला पत्रा पूर्ण कापून त्याच जाडीचा नवा पत्रा त्याच गोलाईत ठोकून, वेल्डिंग करून बसवावा लागतो. फ्यूचरलायनरसारख्या गाडीला सपाट पत्रा कमी आणि गोलाई जास्त. इथे हाताची कला लागते.

हरवलेला भाग असेल तर? दुसऱ्या बहिणीकडे जायचं, तिच्या भागाचं माप घ्यायचं, त्यावरून लाकडी साचा करायचा आणि फाउंड्रीत ओतून घ्यायचा. म्हणून अशा गाड्यांच्या मालकांनी एकमेकांशी बोलत राहणं गरजेचं असतं. कधीकधी एका गाडीचे भाग काढून दुसरी पूर्ण केली जाते. तेव्हा एक गाडी जगते ती दुसरीच्या जिवावर, आणि कुणाला वाचवायचं हा निर्णय पैशाच्या हिशेबापलीकडचा असतो.

रंगाचंही तसंच. जुना रंग एका कोपऱ्यात बारीक पॉलिशपेपरने हळूहळू घासत गेलं की झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे थर दिसतात. सगळ्यात वर शेवटच्या मालकाचा रंग, त्याखाली आधीचा, आणि पार तळाशी कारखान्यातला. तिथून छटा जुळवायची. म्हणूनच जाणकार सगळा रंग एका दमात कधीच उडवत नाहीत.

आणि ब्रेक, टायर, वायरिंग? इथे मात्र हट्ट परवडत नाही. १४-१५ टनांची गाडी गर्दीच्या प्रदर्शनात फिरवायची असेल तर ८० वर्षांपूर्वीचं रबर वापरून चालत नाही. बदलायचं, पण बदललं ते लिहून ठेवायचं आणि जुना भाग जपून ठेवायचा.

पोटातलं प्रदर्शन विसरलात तर?

साधी मोटार आणि प्रदर्शनी गाडी यांत एक मोठा फरक आहे. मोटार चालू झाली की काम संपलं. प्रदर्शनी गाडीचं खरं काम ती थांबल्यावर सुरू होतं. बाहेरून कितीही सुंदर केली आणि दरवाजे उघडल्यावर आत रिकामं खोकं निघालं, तर तिच्यातली खरी गोष्टच हरवली.

१० क्रमांकाच्या गाडीत एक मजेदार विषय होता. जीएमच्या फिशर बॉडी विभागाची मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा १९३० पासून चालत असे. सुरुवातीला राजेशाही घोडागाडीचं मॉडेल बनवायचं होतं, पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार. जिंकणाऱ्याला विद्यापीठाची शिष्यवृत्ती. या स्पर्धेची माहिती ही गाडी गावोगाव नेत होती.

आतलं प्रदर्शन जपताना एक मोह टाळावा लागतो. आपल्याला जुना काळ गोड करून सांगायला आवडतो. गाव बदलताना दाखवणाऱ्या त्या मॉडेलचा संदेश काय होता? रस्ते रुंद करा, मोटारी घ्या, म्हणजे प्रगती! त्या रस्त्यांनी पुढे शहरांचं काय केलं, धूर आणि कोंडी कुठवर गेली, हे आज आपण जाणतो. म्हणून ते मॉडेल बदलायचं नाही. ते तसंच ठेवायचं आणि बघणाऱ्याला सांगायचं, की भविष्य विकणारी माणसं तेव्हा काय विकत होती ते असं दिसत होतं.

बाकीच्या बहिणी काय करतायत?

मॅसॅच्युसेट्समधल्या ‘पीटर पॅन’ या बस कंपनीने एक फ्यूचरलायनर दुरुस्त करून आपल्या जाहिरातीसाठी वापरली. क्रमांक ३ ची गाडी सॉल्ट लेक सिटीतल्या ‘किंडिग-इट’ वर्कशॉपने नव्याने उभी केली आणि ते काम टीव्हीवरच्या मालिकेत लाखो लोकांनी पाहिलं. ज्या टीव्हीने परेड बंद पाडली, त्याच टीव्हीवर ही गाडी परतली.

लिलावातली ती १८ कोटींची गाडी २०१५ मध्ये पुन्हा त्याच लिलावात आली आणि पुन्हा ४० लाख डॉलरच्याच बोलीला गेली. या वेळी ते पैसे सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले गेले.

आणि क्रमांक १० चं काय? अमेरिकेतल्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत नोंदवलेलं ते चौथं वाहन ठरलं. या नोंदींची कागदपत्रं थेट ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये ठेवली जातात.

आपल्याकडे याचं काय?

जीएमचं नाव मुंबईला नवं नव्हतं. १९२८ मध्ये शिवडीला जीएमने मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. भारतातला तो अशा प्रकारचा पहिला मानला जातो. १९५४ मध्ये तो बंद झाला, म्हणजे अमेरिकेत फ्यूचरलायनर दुसऱ्यांदा फिरत होत्या तेव्हाच. त्या गाड्या इथे आल्या नाहीत.

पण चाकांवरच्या प्रदर्शनाची कल्पना आपल्याकडेही रुजली. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरतं विज्ञान संग्रहालय सुरू केलं. पुढे मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बसही शाळांच्या अंगणात जाऊन उभ्या राहू लागल्या. तुमच्यापैकी काहींनी शाळेत असताना अशा बसमध्ये रांगेने चढून बटणं दाबली असतील. त्यातल्या जुन्या बसचं पुढे काय होतं, हा विचार मात्र आपण करत नाही. भंगारात जाणं हे बसचं नशीबच, असं आपण धरून चालतो.

बेस्टच्या साध्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा लोक सेल्फी काढायला धावले, काही गाड्या जपून ठेवा अशी मागणीही झाली. जपण्याची इच्छा आपल्यालाही होते. ती होते शेवटच्या दिवशी, एवढंच.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ पासून केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीचं ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं किंवा दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. तिच्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही.

आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.

आता फ्यूचरलायनर आठवा. कंपनीनेच बदललेलं इंजिन मूळ धरायचं की बदल? नियम एका ओळीत लिहिता येतो. प्रत्येक गाडी मात्र आपली वेगळी गोष्ट घेऊन समोर उभी राहते.

जगभरातल्या जुन्या वाहनांच्या संस्थांचा महासंघ ‘फिवा’ याने यासाठी ‘तुरिन सनद’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. त्यांचा सारांश असा: शक्य तेवढा कमी हात लावा, जे कराल ते लिहून ठेवा, आणि नवा भाग बसवलात तर तो नवा आहे हे जाणकाराला ओळखता येऊ द्या.

घरासमोर जुनी गाडी असेल तर

आजोबांची लँब्रेटा, वडिलांची फियाट, मामांची जीप असं काही तुमच्याकडे धूळ खात असेल, तर गॅरेजवाल्याला फोन करण्याआधी एवढं करा.

एक, धुण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. धुळीसकट.

दोन, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कधी घेतली, रंग कुठला होता, अपघात कधी झाला. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. ही माहिती कुठल्याच आरटीओत मिळणार नाही.

तीन, आरसी, जुनी बिलं, टॅक्सच्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

चार, कुठलं साल परत आणायचं ते आधी ठरवा. कारखान्यातून निघाली तशी, की आजोबा चालवत होते तशी? त्यांनी हौसेने लावलेलं कॅरिअर काढायचं की ठेवायचं?

पाच, काढलेला एकही भाग भंगारवाल्याला देऊ नका. आज निरुपयोगी वाटणारा तुकडा उद्या कुणाच्या तरी साच्याचं माप असेल.

झीलंडच्या मंडळींना लिलावातली बोली कधीच लावायची नव्हती. त्यांनी आपली गाडी संग्रहालयाला परत दिली. तुम्ही ऑबर्नला गेलात आणि ती तिथे उभी असली, तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या त्या साध्या छपराकडे जरूर बघा. घुमटाइतकं ते देखणं नाही. पण तिथे बसून ज्यांनी घाम गाळला, त्यांची तक्रार कुणीतरी ऐकली होती, याची खूण ते छप्पर आहे. गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी ती पुसली नाही.